शेवटच्या रिळाची माणसं

मित्रांनो, मी पडदा आहे. माझं वय झालं आहे, अंगावर तीन-चार ठिगळं आहेत, आणि आजवर मी एकही सिनेमा पाहिलेला नाही.

हसू नका. सिनेमा माझ्या अंगावर पडतो आणि स्वतःचं अंग स्वतःला दिसत नाही. मला दिसतात समोरची माणसं. अंधारात बसलेली, माझ्याच उजेडानं थोडी उजळलेली. सिनेमा चांगला की वाईट, हे मी जन्मभर त्यांच्या तोंडावरून ओळखत आलो. एखादी बाई दाणे सोलता सोलता थांबली आणि शेंग तशीच हातात राहिली, की मी समजायचो, आज काहीतरी खरं चाललं आहे.

माझा जन्म अकोल्याचा. कापड गिरणीचं, जाड आणि सुती. कापडाचे पाट, म्हणजे लांब पट्टे, जोडून मला शिवलं ते भगवंतराव शिंप्यानं. शिवून घेणारे महादेवराव धामणगाव रेल्वेचे धान्याचे व्यापारी. गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवायचा धंदा त्यांना नव्यानं सुचला होता.

"शिवन अशी बसव," महादेवराव म्हणाले, "का नटीच्या गालावर रेघ नाई आली पाह्यजे."

"मालक, नटीचा गाल कुठी येईन थे मले काय मालूम?" भगवंतराव म्हणाले. "तुमीच सांगा, खडूनं खून करून ठेवतो."

महादेवरावांना सांगता आलं नाही. तेव्हा भगवंतरावांनी सगळीच शिवण इतकी चापून बसवली, की पुढं कुठल्याच नटीला माझ्यामुळं रेघ आली नाही. चारी बाजूंना काळी किनार लावली, कडेनं पितळी कड्या ठोकल्या. मी उभा राहिलो.

दिवाळी झाली की आमचा मुक्काम हलायचा. पातूर, वलगाव, मधली बाजाराची गावं. दिवसा जीपवर भोंगा फिरायचा. तो असा:

ऐका हो ऐका, आज आपल्या गावात, सामाजिक, कौटुंबिक, मारधाडीनं भरलेला, रडवणारा, हसवणारा, बायांसाठी बसायची वेगळी सोय, येताना आपापलं पोतं आपण आणावं...

संध्याकाळी बांबूंना दोर बांधून मला ताणायचा तो जानराव. वलगावचा, तेव्हा मिसरूड फुटलेला. तंबूच्या चारी बाजूंनी जे उभं कापड लावतात त्याला कनात म्हणतात. ती लावायचं कामही त्याचंच. कनातीच्या आत तिकीट काढलेले लोक. बाहेर बाकीचं गाव, कान देऊन.

आता आमच्या तंबूची एक रीत सांगतो. शेवटचं रीळ चढलं की यंत्रावरचा माणूस मोठ्यानं खाकरायचा. ते ऐकलं की जानराव उठायचा, कनातीजवळ जायचा, खालचा दोर सोडायचा आणि

(इथे रीळ तुटलं. तंबूत असं व्हायचं, लोक शिट्ट्या मारायचे. तुम्हीही मारून घ्या. जोड लावला आहे, मधले दोन-चार शब्द गेले.)

उचललेली कनात खांद्यावर घेऊन उभा राहायचा. बाहेरचं सगळं गाव आत लोटायचं. म्हातारे, पोरं, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया. शेवटचं रीळ सगळ्यांना.

महादेवरावांना हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते भडकले. "काहून बे जानराव, या फुकट्यायले काहून आत घेतं?"

"मालक, आज शेवट पाह्यला त उद्या सुरुवात पाहाले येतीन ना."

महादेवराव व्यापारी माणूस. त्यांना हिशेब पटला आणि रीत पडली.

त्याचा परिणाम झाला तो असा: आमच्या तंबूमागे एक अख्खी पिढी वाढली, जिनं सिनेमांचे फक्त शेवट पाहिले.

त्यातली एक पंचफुला. पातूरची. आईबरोबर मजुरीला जायची, तिकिटाचं नाव काढायची सोय नव्हती. कनात उचलली की सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत ती सर्वांत पुढं, माझ्या अगदी नाकासमोर येऊन बसायची. कितीतरी वर्षं तिची खात्री होती, की सिनेमा असतोच एवढा. भाकर खाऊन होईपर्यंत संपणारा.

"सिनेमा म्हंजे काय," ती मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं आहे, "हरपलेली माय सापडते. थोडी मारामारी होते, मंग माय सापडते, मंग सारे रडतात. झालं. चाला घरी."

पुढं तिला कळलं की याआधीही काहीतरी घडत असतं. मग ती सुरुवाती स्वतःच रचू लागली. कापूस वेचताना ओळीतल्या बायांना सांगायची. ही माय हरपली कशी, पोरगा वाढला कुठं, तो मिशीवाला इतका का चिडला. बाया तिच्या ओळीत यायला भांडत. हे मी पाहिलं नाही, शेतात मला कोण नेणार? पण त्याच बाया संध्याकाळी कनातीतून आत येत आणि माझ्याकडं बघण्याआधी पंचफुलाकडं बघत, सकाळी तिनं सांगितलं ते खरं ठरतं का म्हणून.

कनात उचलणाऱ्याचं आणि खालून येणारीचं लग्न झालं. जानरावनं तिला मोठ्या हौसेनं पहिल्या रिळापासून आत बसवलं. मध्यंतराला चहा घेऊन तो जवळ गेला तर ती तोंड वाकडं करून बसलेली.

"काय झालं वं?"

"अवो, हे सुरुवात बराबर नाई."

"काहून?"

"पोरगं जत्रेत हरपलं म्हने. मायावाल्या सुरुवातीत माय सोताच त्याले सोडून जाते. मंग शेवटी भेटल्यावर थे रडते त त्या रडन्याले काई वजन हाय. हरपलं आन् सापडलं, त्याच्यात काय?"

"मंग तू जाय बंबईले. सांग त्यायले."

ती मुंबईला गेली नाही. पण त्यानंतर कधी पहिल्यापासून बसलीही नाही. मालकाच्या माणसाची बायको असून बाहेर उभी राहायची आणि शेवटच्या रिळाला यायची.

मित्रांनो, जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. रद्दी सिनेमे तेव्हाही यायचे. पण तेव्हा लोक रागावत. मातीची ढेकळं माझ्यावर बसत, कुणी उठून ओरडे, "अरे, त्या बहिनीचं काय झालं थे त सांगा." गोष्ट अर्धी सोडली तर गावाला ती फसवणूक वाटायची. माझं पहिलं ठिगळ अशाच एका ढेकळाचं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

मध्यंतर.

मध्यंतर फार लांबलं. घरोघर टीव्ही आले, मग व्हिडिओ आले, तंबू बसला. महादेवरावांनी यंत्र भंगारात काढलं आणि जानरावला म्हणाले, "हे कापड तू ने." वलगावला माझ्यावर तूर वाळली. एका लग्नात मी जेवणाऱ्यांच्या डोक्यावर होतो. एकदा गव्हाच्या ढिगावर पांघरलो असताना पंचफुलाबाईंनी पाहिलं आणि सगळ्या घराला शिव्या घातल्या. मग मला धुऊन, नीळ देऊन, कडुनिंबाचा पाला घालून त्यांनी पेटीत ठेवलं. पेटीत चेहरे नसतात. त्या वर्षांबद्दल माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही.

पेटी उघडली ती पायलमुळं.

पायल त्यांची नात, मुलगा धम्मदीप याची मुलगी. अकोल्याला शिकते. मित्रमैत्रिणी जमवून तिनं पंधरा-वीस मिनिटांचा सिनेमा काढला. अमरावतीला दरवर्षी होणाऱ्या सिनेमा पुरस्कार सोहळ्यात लघुपटांच्या विभागात तो निवडला गेला. अट अशी, की सोहळ्याआधी तो कुठं दाखवायचा नाही.

आणि घरात घाई अशी, की पंचफुलाबाईंचे डोळे चालले होते. काचबिंदू. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलं ते येणार नाही, उरलं ते औषधानं जमेल तेवढं टिकवायचं. नळीतून बघावं तेवढंच त्यांना आता समोरचं दिसे. मोबाइलवरचं चित्र तर लागतच नसे. मोठ्या पडद्यावर, समोर बसून, दिसलं तर दिसणार होतं. पुढच्या वर्षी तेही नाही.

"पहिल्यापासून पाहीन," त्या म्हणाल्या.

"चमत्कार झाला म्हना," जानराव म्हणाले.

"नातीचा हाय. सुरुवात चुकली असंन त तिले सांगता येईन."

याच सुमारास सोहळ्याच्या आयोजकांपैकी कुलदीप नावाचा तरतरीत माणूस वलगावला आला. त्याला मी हवा होतो.

"काकाजी, स्टेजच्या बाजूले लावतो. जुन्या जमान्याचं वातावरन येते."

"नुसता टांगाले नाई देत," जानराव म्हणाले. "पडदा हाय तो. त्याच्यावर सिनेमा पडला पाह्यजे."

"पडते ना. सारे लघुपट याच्यावरच दाखवू. जुना पडदा, नवी नजर. नावबी सुचलं पाहा बसल्या बसल्या."

तीस वर्षांनी कुणीतरी माझे दोर ताणणार होतं. मी काही बोलू शकत नाही, पण त्या रात्री पेटीत माझी घडी सैल झाली असं मला वाटलं.

सोहळा शहराबाहेरच्या एका लॉनवर होता. मला मंचाच्या डाव्या अंगाला टांगलं. शेजारी थर्माकोलची रिळं, वर पिवळा दिवा. मधोमध दिव्यांची एक भलीमोठी भिंत. सगळं तिच्यावरच दिसत होतं. तिला अंधार लागत नाही, समोरच्या माणसांकडून काहीच लागत नाही. ती एकटीच लखलखत राहते.

मी लोकांकडं पाहिलं. किती वर्षांनी एवढी माणसं समोर. पण तोंडं खाली होती, आणि प्रत्येक तोंडाला खालून आपापला छोटा उजेड. मंचावर मुंबईचे पाहुणे नाचले तेव्हा हात वर गेले, हातांत तेच छोटे उजेड. मी शोधत राहिलो. हातात शेंग राहून गेलेली एक तरी बाई. नव्हती.

सर्वोत्तम सिनेमाचं नाव पुकारलं. टाळ्या कडाडल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या जानरावांनी शेजारच्या तरुणाला विचारलं, "शेवट काय होते जी त्याच्यात?"

"शेवट नाई काकाजी. दुसरा भाग येऊन राह्यला."

"आन् दुसऱ्यात?"

"त्याच्यातून तिसरा निंघते म्हनतात."

"मंग कनात कधी उचलाची?"

तरुणाला कळलं नाही. तो हसला आणि म्हणाला, "तुमी पाह्यला का?"

"नाई. तुमी?"

"पाह्यला ना. मस्त होता." मग जरा आठवून, "आवाज लई मोठा होता."

तो खोटं बोलत नव्हता. सिनेमा त्याच्या अंगावरून गेला होता, जसा तो माझ्या अंगावरून जातो. पण मित्रांनो, मी कापड आहे.

उशीर होत गेला. प्रायोजकांचे सत्कार, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. मागून जेवणाचा वास आला आणि मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. पंचफुलाबाई पुढच्या कडेला, माझ्या अगदी समोर, सरळ बसून होत्या. डोळ्यांत औषध घालून आल्या होत्या. इतक्या माणसांत माझ्याकडं बघणारा तो एकच चेहरा.

कुलदीप घाईघाईनं पायलजवळ आला. "ताई, टाइम नाई राह्यला. पाहुन्यायची गाडी लागली. असं करू, तुमच्या सिनेमाची शेवटची दोन मिनिटं दाखवू."

"पूर्ण दाखवणार होतात ना?"

"होतो ना, पन आता जेवनं सुरू झाली. दोन मिनिटं त दोन मिनिटं. स्टेजवर नाव होते, फोटो निंघते."

"दाखवायचा तर पूर्ण दाखवा," पायल म्हणाली. "नाही तर राहू द्या."

"पाहून घ्या बुवा. लोकं दोन मिनिटांसाठी हातापाया पडतात."

"नको."

कुलदीपनं खांदे उडवले आणि एक वेष्टनातलं सन्मानचिन्ह तिच्या हातात दिलं. "उत्तेजनार्थ. तुमचंच हाय." मग तो गाडीच्या दिशेनं पळाला.

माझ्यावर त्या संध्याकाळी पिवळ्या दिव्याखेरीज काहीच पडलं नाही.

पंचफुलाबाईंनी सगळं ऐकलं होतं. परतीच्या रिक्षात, मी घडी होऊन जानरावांच्या मांडीवर असताना, त्या बोलल्या.

"दोन मिनिटं पाहू द्याची होती."

"आजी, तो तुकडा झाला असता."

"मी जलमभर तुकडाच पाह्यला. त्याच्यावरच सारं उभं केलं. तुले काय कमी पडलं असतं?"

"मला नाही. तुला कमी पडलं असतं."

"मायं मी पाहून घेतलं असतं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "उद्या डोये गेले त तुया अख्खा सिनेमा घेऊन काय करू वं मी?"

पायल रस्त्याकडं तोंड करून बसली. जानरावांनी सन्मानचिन्ह एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

(इथे पुन्हा तुटलं. जोडतो.)

आम्हा बोलक्या वस्तूंनी उपदेश शेवटी करायचा असतो. मी तो आताच उरकतो, कारण शेवटी मला सवड नसेल. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी सिनेमा काढेल. त्यानं तो असा काढावा, की बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत बोलवावंसं वाटेल आणि आलेल्या माणसाला काहीतरी पूर्ण झालेलं हाती देता येईल. बाकीच्यांनी फक्त रागवायला शिकावं. गोष्ट अर्धी सोडली तर विचारावं, त्या बहिणीचं काय झालं. ढेकळं मारली तरी माझी हरकत नाही. कापड शिवता येतं.

दुसऱ्या दिवशी पायल सकाळीच अकोल्याला गेली आणि दुपारी मैत्रिणीकडून सिनेमा दाखवायचं छोटं यंत्र घेऊन परतली. आजीशी ती अजून बोललेली नव्हती. समाजमंदिराच्या खिडक्यांवर तिनं ताडपत्र्या बांधल्या. जानरावांनी मला ताणलं. गाठ तीच बसली. वस्तीतली माणसं आली, कुणी चटई आणली, कुणी नुसतंच आलं. पंचफुलाबाईंना पायलनं हाताला धरून पुढं बसवलं.

"पहिल्यापासून हाय ना?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून," जानराव म्हणाले.

उजेड आला. मला त्याची ओळख पटली आणि मी क्षणभर सगळं विसरलो.

समोरच्या चेहऱ्यांवर पांढरा प्रकाश पसरला, तेव्हा मी समजलो की माझ्यावर कापसाचं शेत आहे. मग आवाज आला. बायांचा, ओळीतल्या ओळीत चाललेला, आणि त्यात एक आवाज वरचढ. "तर थे माय त्याले सोडून गेली. काहून गेली? ऐका मंग."

पंचफुलाबाईंची मान वर झाली. "हे त मी हाय," त्या म्हणाल्या. "हे त म्या पायलले सांगतलं होतं, मांगच्या साली."

"आता ऐका," जानराव म्हणाले.

त्या ऐकू लागल्या. मी त्यांचं तोंड पाहत होतो. पातूरच्या तंबूत माझ्या नाकासमोर बसायची तेव्हा त्या तोंडावर फक्त शेवट यायचे, रडणं आणि सापडणं. आज तिथं काहीतरी सुरू होत होतं. कपाळावरच्या आठ्या आधी दाटल्या, मग सैल झाल्या. ओठ आवाजाबरोबर हलत होते. तिनं रचलेली माय माझ्यावर चालत होती, वाकत होती, पोराला झोपवून दार ओढून घेत होती. मला दिसत नव्हतं. पण तिच्या तोंडावरून मला दारसुद्धा कळलं.

मध्येच त्या उठल्या आणि माझ्याकडं चालत आल्या.

"ओ मावशी, खाली बसा ना," मागून एक बाई म्हणाली. "आमाले काईच दिसून नाई राह्यलं."

"थांब वं. थे मायचं तोंड पाहू दे मले. तथून नाई दिसत."

त्या इतक्या जवळ आल्या, की त्यांचा श्वास मला लागला. दोन्ही तळवे माझ्यावर टेकवून, मान इकडंतिकडं करत, त्या नळीएवढ्या नजरेनं तो चेहरा शोधू लागल्या. सिनेमा आता त्यांच्या पाठीवर, पांढऱ्या केसांवर चालला होता. ज्या जागी चित्र पडायचं तिथं माझ्यावर एका माणसाची सावली होती.

"सापडली का आजी?" पायलनं विचारलं. कालपासूनचं ते पहिलं बोलणं.

"सापडली." मग तळवे न काढता, "बराबर हाय."

मागच्या बाया बाजूला सरकून बघू लागल्या. सिनेमा संपेपर्यंत पंचफुलाबाई तशाच माझ्याशी उभ्या होत्या. यंत्र थांबलं, ताडपत्रीच्या फटीतून दुपार आत आली, माणसं हलू लागली. मग त्या चटईवर येऊन बसल्या, लुगडं नीट केलं.

"लाव पुन्हा," त्या म्हणाल्या. "आता बसून पाहातो."

पायल यंत्राशी वाकली आहे. जानराव खिडकीची ताडपत्री ओढून घेत आहेत. मित्रांनो, तुमच्यापैकी दाराजवळ जो असेल त्यानं तेवढं दार लोटून घ्यावं. उजेड आत येतो आहे, आणि तिला आता थोडंच दिसतं.